गोल, चौकोनी, मीरा रोड

मनुष्यजातीचे सहा प्रकार असतात, हे मला मीरा रोडच्या एका पार्लरच्या भिंतीवरून कळलं. शांतीनगरच्या एका सेक्टरात तळमजल्यावरचा वन-रूम-किचन, दाराला ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलेला पडदा, आत दोन खुर्च्या आणि खुर्च्यांसमोर लॅमिनेट केलेला तक्ता. तक्त्यात सहा गोऱ्या बायका, प्रत्येकीच्या चेहऱ्याभोवती लाल रेघ. लंबगोल, गोल, चौकोनी, लांबट, बदामाचा आणि चौकटचा. पत्त्यांतले दोन रंग असे कामाला आले होते. इस्पिक-किलवरच्या बायका बहुधा घरीच केस कापत असाव्यात.

“दीदी, आपका फेसकट राउंड है,” पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. शुगर बॉर्डरवर आहे हे सांगताना डॉक्टर जो सूर लावतात, तोच सूर. म्हणजे घाबरायचं काही नाही, पण आता जन्मभर सांभाळायचं.

या ‘दीदी’वर हुरळून जायचं नसतं. चाळिशीनंतर पार्लरमध्ये आपलं नातं आपल्या वयावर नाही, बिलावर ठरतं. फेशियल, हेअरकट आणि स्मूदनिंग घेतलं तर दीदी. नुसत्या आयब्रोज केल्या तर आंटी. एकाच बैठकीत मी दीदीची आंटी झालेली आहे; केराटिन नको म्हटलं, तेवढंच कारण.

पण तक्ता म्हणजे निव्वळ थाप नव्हे, हे मान्य करायला हवं. मागे डोळ्यांची साधी फसवणूक आहे आणि ती चालते. कपाळावर आडवी झालर सोडली की चेहऱ्याची उंची तेवढी कापली जाते, म्हणून लांबट चेहऱ्याला ती बरी. गोल चेहऱ्याला माथ्यावर थोडी उंची द्यायची आणि गालांवरून हनुवटीखाली जाणाऱ्या बटा सोडायच्या, म्हणजे गाल निम्मे झाकले जातात आणि उरलेल्या निम्म्यांना लोक चेहरा समजतात. मधला भांग चेहऱ्याचे दोन सारखे भाग करून दोष मोजायची सोय करून देतो; बाजूचा भांग हिशेब बिघडवतो. चौकोनी जबड्याच्या बाईनं बरोब्बर जबड्याशी संपणारा बॉब करू नये, कारण मग रेघेखाली रेघ येते. यात कुठे जादू नाही. आडव्या पट्ट्यांची साडी कुणी नेसायची नाही हे आपल्याला आयांनी सांगितलंच होतं, तेच शास्त्र गळ्याच्या वर नेलेलं.

अडचण आपला प्रकार ओळखण्यात आहे. चार मापं घ्यायची असतात: कपाळ, गालाची हाडं, जबडा, आणि केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंतची लांबी. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट आली तर तुम्ही लंबगोल, म्हणजे देवानं पास केलेले. तुम्हाला काहीही शोभतं. मी सासूबाईंची शिवणाची टेप घेतली. पण माझे केस नक्की कुठे सुरू होतात यावर घरात एकमत होईना. मुलगी म्हणाली, फोटो काढू. तिनं हात लांब करून काढलेल्या फोटोत नाकच चेहऱ्याचं पालकत्व घेऊन बसलेलं. याला तरी पुरावा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशेब मांडून दाखवला की फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. शेवटी नवऱ्याला विचारलं. तो पेपर खाली न घेता म्हणाला, “चेहऱ्यासारखाच तर आहे चेहरा.”

आपल्याकडे हे शास्त्र खऱ्या अर्थानं एकदाच यशस्वी झालं आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं. १९६० चा ‘लव्ह इन सिमला’. नायिका साधना नवी, देखणी, पण कपाळ रुंद. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नची झालर डोळ्यांसमोर ठेवली आणि साधनाच्या कपाळावर ती कापून घेतली. एका कपाळावरचा इलाज, अगदी मापात बसलेला. पुढे देशभर जे झालं त्यात कपाळ कुणी मोजलंच नाही. ‘साधना कट’ रुंद कपाळांवर बसला, अरुंद कपाळांवरही बसला. माझ्या आत्याचं कपाळ जेमतेम दोन बोटं. तिचा गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला फोटो आमच्याकडे आहे. त्यात केस जिथे संपतात तिथे भुवया सुरू होतात, आणि फोटो लग्नासाठी पाठवायचा होता. जमलं लग्न. मुलाकडच्यांनी स्वभाव बघितला म्हणे. दुसरं बघण्यासारखं मोकळं काय होतं?

माझ्या केसांवर पहिला अभिप्राय सासूबाईंचा आला. लेयर्स कापून, ड्रायरनं सेट करून, बाहेरच्या बाजूला वळवलेल्या बटा घेऊन मी घरात शिरले. सासूबाई मालवणकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, स्वतःचा अंबाडा सुपारीएवढा उरलेला. त्यांनी निवडायची मेथी बाजूला ठेवली.

“काय गो, केस कित्याक कापलंस? घरात सगळी बरी आसत मां?”

हसून सोडून द्यावं असं हे वाक्य आहे, पण पूर्ण सोडता येत नाही. बाईचे केस कापलेले दिसले की त्यांच्या आजीच्या काळात एकच अर्थ व्हायचा. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, हे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र करून ठरवायला लावलं ते १८९० साली. भल्याभल्या सुधारकांची भाषणं चालू असताना ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनीच ते खाली ठेवलं. पार्लरमध्ये ‘दीदी, थोडा और छोटा करूँ?’ असं मला विचारतात तेव्हा त्या प्रश्नचिन्हाला बराच इतिहास आहे. असो. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, सगळे बरे आहेत. माझा चेहरा गोल आहे, एवढंच.” त्या म्हणाल्या, तो लग्नातच बघितला होता.

पुरुषांचं बरं असतं. त्यांना फेसकट नसतो. आमच्या ह्यांच्या सलूनमध्ये “कैसा काटने का?” आणि “मीडियम” एवढ्यावर संवाद आटोपतो. मीडियम म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नाही, पण वर्षानुवर्षं ते तसंच कापलं जातं. २००६ मध्ये लाहोरच्या मैदानावर पाकिस्तानच्या अध्यक्षांनी, मुशर्रफ यांनी, धोनीला जाहीरपणे सांगितलं होतं की हे केस तुला छान दिसतात, कापू नकोस. ह्यांच्या केसांची दखल सोसायटीच्या सेक्रेटरीनंही घेतलेली नाही. मुलाची पिढी वेगळी. कानांच्या वर मशीन मारून साफ आणि टाळूवर कोंबडा. मीरा-भाईंदरच्या कुठल्याही क्लासबाहेर संध्याकाळी उभं राहा, चेहरे शंभर आणि डोकं एक. माझ्या मुलाच्या डोक्यात मात्र दोन भोवरे आहेत. भोवऱ्यापाशी केस गोल फिरत उगवतात, त्यामुळे तिथे आखूड कापले की हमखास उभे राहतात, आणि दोन भोवरे असले की दोन दिशांना. कसला फेसकट घेऊन बसलात? केस कसे बसणार हे निम्मंअधिक मागच्या बाजूला ठरतं, जिथे आरसा नाही आणि तक्ताही नाही. सासूबाईंना त्या दोन भोवऱ्यांची निराळी काळजी. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. “एकाचाच हॉल मिळता मिळत नाय,” असं त्या अजून म्हणतात.

आता माझ्या बटांकडे येते. तक्ता ज्यांनी काढला त्यांनी डोकं खोलीत ठेवून विचार केलेला आहे. आमचं डोकं मीरा रोडला राहतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे खाजणं आणि मिठागरं. हवा इतकी ओली की डब्यातले पापडसुद्धा हात जोडतात. केसाचं असं आहे की तो भिजला की त्याच्या आतले काही बंध सुटतात आणि गरम हवेनं वाळताना नव्या जागी धरतात, म्हणून ड्रायरनं दिलेलं वळण टिकतं. पण हे बंध फार हलके. ते सोडवायला पाणी लागत नाही, दमट हवा पुरते. पार्लरमध्ये दिलेलं वळण जिना उतरेपर्यंत माझं असतं, स्टेशनपर्यंत महानगरपालिका हद्दीतल्या हवेचं.

पुढे लोकल. मीरा रोडला सकाळी चढणं हा वेगळा विषय आहे. काही शहाण्या बायका आधी उलट्या भाईंदरला जातात आणि बसून येतात. मी दारात. मीरा रोड सुटलं की दहिसरपर्यंत दोन्ही बाजूंना मोकळं रान, तिवरं आणि खाडीवरून येणारा वारा. या एका टप्प्यात डावीकडच्या लेयर्स उजवीकडे जातात, उजवीकडच्या शेजारणीच्या तोंडात. शेजारीण काही बोलत नाही, कारण तिचे केस माझ्या चष्म्यावर असतात. बोरिवलीला धक्का बसतो तो सरळ माथ्यावर दिलेल्या उंचीलाच. आणि तेवढ्यात पाठीमागून हाक येते. कानातली, रबरं, पिना आणि क्लचर लावलेला पुठ्ठा उंच धरून एक बाई त्या गर्दीतून सरकत असते, ज्या गर्दीत आपल्याला हात वर करता येत नाही. वीस रुपयांचा क्लचर. सगळे केस मूठभर गोळा करायचे, एक पीळ द्यायचा, वर घ्यायचे, चाप लावायचा. गोल, चौकोनी, बदामाचा, चौकटचा. कांदिवली यायच्या आत सगळ्या डब्याचा फेसकट एक.

भाईंदरच्या बाजारात उत्तनच्या कोळणी बसतात. त्यांच्याकडे मी हल्ली मासळीपेक्षा केस बघते. घट्ट चापून बांधलेला अंबाडा, त्यात गजरा, आणि पाटी उचलायची वेळ आली की माथ्यावर चुंबळ. एक बट सुटी नाही. वाऱ्याशी, खाडीशी आणि ओझ्याशी या बायकांचं पिढ्यान्पिढ्यांचं आहे आणि त्यांनी केसांचा निकाल कधीच लावून टाकला आहे. एकीला मी विचारलं, गोल चेहऱ्याला काय शोभेल. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “पापलेट घे.”

गेल्या चैत्रात मात्र नवलच झालं. सासूबाईंचा खांदा धरला. हात मागे जाईना, अंबाडा घालता येईना. दोन दिवस मी घालून दिला, तर तो त्यांना ‘कलता’ वाटायचा. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, कापून टाकूया. मग दिवस शोधणं आलं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, बुधवारी नेमकी एकादशी. शुक्रवारी मी त्यांना पार्लरमध्ये घेऊन गेले. खुर्ची उंच होती, त्या पायाखाली पाट मागत होत्या. पार्लरवाल्या बाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला आणि तक्त्याकडे बघून म्हणाल्या, “माँजी का फेसकट तो एकदम ओव्हल है! इनको तो कुछ भी सूट करेगा.”

म्हणजे देवानं पास केलेला चेहरा आमच्या घरात इतकी वर्षं पदराआड मेथी निवडत होता. मी बाईंना बॉबबद्दल विचारणार, तोच सासूबाईंनी हात वर केला. जो वर जात होता तो.

“तोंडाचा ऱ्हवांदे गो बाय. मान मोकळी कर. उकडता.”

कात्री मानेपाशी चालली. पांढऱ्या केसांचा एवढासा पुंजका फरशीवर पडला, तो त्यांनी वाकून बघितला. मग आरशात बघितलं, मान डावी-उजवी फिरवून पाहिली, वारा लागतोय याची खात्री केली, आणि कमरेची पिशवी सोडता सोडता पार्लरवाल्या बाईंना म्हणाल्या, “केस निमेच होते माझे. तर पैशेय निमेच घे.”