कमिशनिंगवाले काका

नवी मुंबईतल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक कमिशनिंगवाले काका असतात. नसतील, तर ती सोसायटी अजून पुरेशी जुनी झालेली नाही. वाशीला लोकल आली १९९२ साली. काका त्याच्याही आधीचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी हयात काढली. नवा प्लँट उभा राहिला की तो तपासून, भरून, सुरू करून द्यायचा, हे त्यांचं काम. पुढे त्या पट्ट्यातले कारखाने एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तिथे सुरू करण्यासारखा फक्त कॉम्प्युटर असतो, आणि तो ज्याचा त्याला सुरू करता येतो. म्हणून हल्ली नेरुळच्या आमच्या चार विंगांमध्ये कुणाच्याही सिंकवर तीन लिटरचा इन्स्टंट गीझर चढला, की काका त्याचं कमिशनिंग करतात.

त्यांना बोलावणं लागत नाही. ड्रिल मशीनचा पहिला आवाज आला की ते चष्मा शोधतात. दुसऱ्या आवाजाला दारात हजर. एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात मल्टिमीटर आणि काखेत बंद पडलेल्या कंपनीची डायरी. "थांब!" हा त्यांचा नमस्कार. घरातली सून चहाचं विचारते.

"चहा मागाहून, सूनबाई. आधी अर्थिंग."

प्लंबर बिचारा गोरखपूरचा. त्याला पुढे कोपरखैरण्याला दोन कामं असतात. तो भाबडेपणाने विचारतो, "अंकल, मिक्सर वाले प्लग में लगा दूँ?" काका क्षणभर भिंतीचा आधार घेतात.

"तीन हजार वॉट भागिले दोनशे तीस. कितना?"

प्लंबर सुनेकडे बघतो. सून घड्याळाकडे.

"तेरा अँपिअर! और ये सॉकेट कितने का? छे का! वायर जल जाएगी!"

गंमत अशी, की यात एक अक्षर खोटं नसतं. सोळा अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवाच. काकांचा प्रॉब्लेम चुकीचं बोलण्याचा नाही, बरोबर बोलून न थांबण्याचा आहे. वायरनंतर ते दाबावर येतात. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. गच्चीवरच्या टाकीपासून पहिला मजला अठरा मीटर खाली, म्हणजे पावणेदोन बार. गीझरच्या डब्यावर लिहिलेत साडेसहा. म्हणजे धोका नाही. धोका नाही हे सिद्ध करायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात. त्यातली पाच मोरबे धरणाला जातात, कारण महापालिकेच्या मालकीचं धरण हा काकांचा वैयक्तिक अभिमानाचा विषय आहे.

मग सेफ्टी व्हॉल्व्ह. "तीन लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठावर गेलं, की चाळीस मिली फुगतं. ते जाणार कुठे?" चाळीस मिली म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे, असं सून मनातल्या मनात म्हणते. पण त्या तीन चमच्यांसाठी काका इनलेटला कान लावून असे उभे राहतात, जणू डॉक्टर शेजारच्या माणसाची छाती तपासतोय.

टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते, कनेक्शन पाइप आवळले जातात, प्लंबर "हो गया" म्हणत बटणाकडे हात नेतो आणि काकांचा खरा क्षण येतो.

"पहले पानी! बाद में बटण!"

काका इथे आवाज चढवतात आणि इथे तो चढवायलाच हवा. टाकी रिकामी असताना करंट दिला, तर कॉइलची उष्णता घ्यायला पाणीच नसतं. नशीब बरं असेल तर कटआउट उडतो, नाहीतर नवाकोरा गीझर पाणी न बघताच जातो. म्हणून आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, मग खालचा अँगल कॉक. नळ खोकतो, फुसफुसतो, थुंकतो. ही आतली हवा. प्लंबर नळ बंद करायला जातो, काका त्याचा हात धरतात. "अजून आहे." धार अखंड झाल्यावर ते आणखी अर्धं मिनिट थांबतात. जॉइंटखाली कोरडा कागद धरून गळती बघतात. मगच मान डोलावतात. बटण मात्र स्वतः दाबतात.

डायरीत आधीच हिशेब मांडलेला असतो: दोन मिनिटं सत्तावीस सेकंद. दिवा विझतो दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी. चौदा सेकंद! काका गप्प. घरात सुतकी शांतता. प्लंबर हत्यारं पिशवीत भरता भरता थबकतो, कारण हे चौदा सेकंद आपल्या पैशांतून कापले जातील की काय, हे त्याला कळत नाही. काका मल्टिमीटर काढतात, सॉकेटमध्ये घालतात आणि विजयी चेहऱ्याने वळतात. "दोनशे वीस! व्होल्टेज कमी आहे. गीझर निर्दोष." मग सुनेची सही घेतात. हँडओव्हर झाल्याशिवाय भांडी विसळायची नाहीत, असा नियम आहे. चहा मात्र गॅसवर झालेला असतो आणि तोवर गारही.

लोक हसतात. पण काकांच्या विंगेत आजवर एकाही गीझरची कॉइल पहिल्या दिवशी गेलेली नाही. गोरखपूरवालाही काका नसलेल्या घरी आधी नळच उघडतो आणि वर दरडावतो, "पहले पानी!"

काकांचं समाधान होत नाही ते एकाच ठिकाणी. मुलगा न्यू जर्सीत असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने सहज दाखवलं: सिंकच्या खाली छोटी टाकी, वर नाजूक नळ, दाबला की चहाला थेट नव्वद अंशांचं पाणी. काकूंना फार कौतुक वाटलं. काकांनी मोबाइल हिसकावून घेतला. मग पन्नाशीला टेकलेला तो माणूस तिकडे रात्री अकरा वाजता सिंकखाली आडवा झाला, वडिलांना अर्थिंग दाखवत. व्होल्टेज एकशेवीस हे ऐकून काकांनी आधीच नाक मुरडलं होतं.

"हवा काढली होतीस?"

"बाबा, हे लावून वर्ष झालं. रोज चहा होतो यावर."

"ते असू दे. हँडओव्हर कुणी घेतला?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. काकांनी त्याला मेन बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.