जुलीला फोन केला का?

अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलं की साधारण तिसऱ्या उन्हाळ्यात माणसाला डेक होतो. लक्षणं ठरलेली. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन माणूस मागच्या दारात उभा राहतो, गवताकडे बघत ‘बारा बाय सोळा सहज बसेल’ असं पुटपुटतो, आणि घरातल्यांना कळून चुकतं की आता यावर औषध नाही. मग कंत्राटदार येतात, मापं घेतात, कोटेशनं पाठवतात. आकडा वाचून घरात थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. त्यातला मोठा हिस्सा मजुरीचा आहे हे लक्षात आलं की पुढचं वाक्य अटळच : ‘आपणच केलं तर?’ आमच्याकडे हे वाक्य कोण बोललं यावर अजून एकमत नाही. बायको म्हणते मी, मी म्हणतो ती.

मराठी मध्यमवर्गाला हातकामाची परंपरा तशी बेताचीच. घरात खिळा ठोकायचा झाला तरी सुताराला निरोप जायचा, तो ‘उद्या येतो’ म्हणायचा आणि त्या उद्याच्या भरवशावर कॅलेंडर दिवाळीपर्यंत टेबलावर आडवं पडलेलं असायचं. इथला सुतार उद्या म्हणाला तर खरोखरच उद्या येतो, पण तासाच्या हिशोबाने येतो. त्यामुळे आयुष्यभर कीबोर्ड बडवलेली माणसं इथे चाळिशीत करवत घेतात.

आमचा डेक कंपोझिटचा. म्हणजे लाकडाचा भुसा आणि वापरून टाकलेलं प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेल्या फळ्यांचा. या धंद्यातली एक मोठी कंपनी ट्रेक्स, व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची; मोबिल या तेलकंपनीच्या एका विभागातून १९९६ साली वेगळी झाली. आमच्या फळ्यांतला ९५ टक्के माल पुनर्वापराचा असतो, असं ती सांगते. त्यासाठी किराणा दुकानांच्या दाराशी पेट्या ठेवलेल्या असतात. रिकाम्या पिशव्या, ब्रेडची वेष्टनं, सामानाभोवतीचं पातळ प्लास्टिक लोक त्यांत टाकतात. हे आईला सांगितलं तेव्हा तिने फ्रिजच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांच्या पिशवीकडे नुसतं एकदा बघितलं. चाळीस वर्षं सगळ्यांनी तिला त्या पिशवीवरून ऐकवलं होतं. आता अमेरिकेतला एक अख्खा उद्योग तिच्या बाजूने उभा होता.

बाबांचं मत मात्र वेगळं. बाबा परभणीकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. सहा महिन्यांसाठी आले होते. नमुन्याची फळी त्यांनी नखाने खरवडून बघितली, वाजवून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, “अरे, हे लाकूडही नाही आणि प्लास्टिकही नाही. याला वाळवी लागणार नाही, पण याच्यावर माया पण बसणार नाही.” मग लगेच, “खालचा सांगाडा कशाचा?”

सांगाडा लाकडाचाच. ही गोष्ट जाहिरातीत कुणी मोठ्याने सांगत नाही. वर पंचवीस वर्षांची हमी दिलेली फळी असते, तिच्या खाली मात्र औषध पाजलेलं साधं पाइनचं लाकूड. पूर्वी त्या औषधात आर्सेनिक असायचं. घरगुती वापरातून ते २००३ च्या अखेरीस गेलं. आता तांब्याची संयुगं असतात, म्हणून ताज्या लाकडाला हिरवट झाक येते. हे तांबं साध्या लोखंडाला खातं, म्हणून स्क्रू, खिळे, हँगर सगळं जाड जस्ताचा मुलामा दिलेलं किंवा स्टेनलेस घ्यावं लागतं. बाबांनी हे समजून घेतलं, मान डोलावली आणि टेप लावून दोन बाय दहाची कडी मोजली. दीड इंच बाय सव्वानऊ इंच भरली. पुन्हा मोजली. मी सांगितलं की इथे ते नावच तसं आहे. रंधा मारल्यानंतर एवढंच उरतं आणि हे सगळ्यांना माहीत असतं. बाबा थक्क झाले. “म्हणजे बिलात दोन इंच, जागेवर दीड, आणि कायद्याने मान्य? आमच्याकडे एवढ्यावर चौकशी बसली असती.” त्यांच्या आवाजात राग होता की हेवा, ते मला नीट ओळखता आलं नाही.

पण त्याआधी खड्डे. आणि खड्ड्यांआधी जुली.

शेजारी एक आजोबा राहतात, मूळचे पोलंडकडचे. त्यांचा स्वतःचा डेक त्यांनी स्वतःच बांधलाय, आणि त्यामुळे बाकीच्यांच्या डेकवर बोलण्याचा कायमचा परवाना त्यांना मिळालाय. मी फावडं हातात घेतलेलं दिसताच ते कुंपणावरून ओरडले, “जुलीला फोन केलास का?” आई ओट्यापाशी उभी होती, खिडकी उघडी होती. आईला इंग्रजी बेताचं समजतं, पण ‘जुली’ आणि ‘फोन’ एवढं समजायला ते पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत घरात एक प्रकारचं मौन होतं. मग मी सगळ्यांना बसवून सांगितलं की इलिनॉय राज्यात जमीन खणायची तर आधी ८११ ला फोन करावा लागतो, तो ज्या संस्थेकडे जातो तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळून जुली होतं, आणि ही जुली १९७४ पासून हेच काम करते आहे, तेही फुकट. खरोखरच माणसं आली आणि गवतात रंगीत झेंडे रोवून गेली : विजेचा लाल, गॅसचा पिवळा, फोन-केबलचा नारिंगी, पाण्याचा निळा. आई झेंडे बघून आली तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

शिकागोच्या आसपास खांबांचा पाया बेचाळीस इंच खोल न्यावा लागतो. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं, आणि पाया उथळ असेल तर त्याला खालून वर उचलतं. मला वाटलं, हे बाबांना पटवून द्यावं लागेल. पण ते म्हणाले, “यात नवीन काय? आमची काळी माती तेच करते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शाळेच्या भिंती तडकताना बघितल्यात मी.” एवढं बोलून त्यांनी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून बघितली. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. एके ठिकाणी एक्केचाळीस भरले, तर तेवढा इंच खणून झाल्याशिवाय त्यांनी मला जेवायला बोलावू दिलं नाही.

आखणी त्यांनी दोरीने केली. माझ्याकडे लेझर होता. तो त्यांनी हातात घेऊन कौतुकाने बघितला आणि बाजूला ठेवला. एका कडेला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या कडेला चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात. हेच शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी आहे, असं इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी मला ऐकवलं, आणि पायथागोरसच्या नावाने बोटं मोडली. बाबा म्हणाले, “कोणाचंही असो, दोरी ताणून धरा.” ते गृहस्थ दुसरं टोक धरायला उभे राहिले आणि पाचच मिनिटांत त्यांना घरी काम आठवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घराला धरून बसणाऱ्या आडव्या तुळईवर. तिला लेजर म्हणतात. डेकची एक बाजू खांबांवर असते आणि दुसरी या लेजरच्या भरवशावर. भिंतीवरचं साइडिंग काढून, आतल्या लाकडाला बोल्टने आवळून, वरून पाणी आत शिरू नये म्हणून पत्रा वाकवून लावावा लागतो. नुसत्या खिळ्यांवर टांगलेले डेक पडतात, आणि पडतात तेव्हा नेमके माणसांनी भरलेले असतात. २९ जून २००३ ला शिकागोच्या लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना एका इमारतीच्या मागचे लाकडी पोर्च वरपासून खालपर्यंत कोसळले आणि तेरा जण गेले. इथे परमिटला आणि तपासणीला जे नाकं मुरडतात, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मी तरी मुरडत नाही.

तपासनीस दोनदा येतो : काँक्रीट ओतण्याआधी खड्डे बघायला आणि फळ्या पडण्याआधी सांगाडा बघायला. शेवटी कठड्यासाठी पुन्हा एकदा. कठडा छत्तीस इंच उंच हवा, आणि दोन गजांमधून चार इंचाचा चेंडू आरपार जाता कामा नये, म्हणजे पोराचं डोकं अडकणार नाही. आमच्याकडे आलेला माणूस अबोल होता. बाबांना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, त्याला बाबांचं. पण त्याने टेप काढली तसं बाबांनी न सांगता दुसरं टोक धरलं. जॉइस्ट, म्हणजे सांगाड्याच्या कड्या, सोळा-सोळा इंचांवर आहेत की नाहीत ते दोघांनी मिळून मोजलं, हँगरच्या प्रत्येक भोकात खिळा आहे का ते दोघांनी वाकून बघितलं, आणि मी, घराचा मालक, बाजूला उभा होतो. आईने पोहे केले होते. त्याने नम्रपणे नको म्हटलं, चहाही नको म्हणाला. आईचा चेहरा पडला. आता हा नक्की काहीतरी खोट काढणार. त्याने सही केली आणि गेला. बाबा बराच वेळ त्याच्या गाडीकडे बघत होते. “काही घेतलं नाही,” ते म्हणाले, “आणि तरी पास केलं!”

त्यानंतर फळ्या. त्यांच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. फळीच्या कडेला खाच असते, खाचेत क्लिप बसते, क्लिपला स्क्रू. वरून एक खिळा दिसत नाही. एकच पथ्य आहे. लाकूड पाण्याने रुंदीत फुगतं, कंपोझिट उन्हाने लांबीत वाढतं. म्हणून जिथे टोकाला टोक भिडतं तिथे त्या दिवसाचं तापमान बघून फट सोडायची; थंडीत जास्त, उन्हात कमी. बाकी काम झरझर होतं, आणि हाच भाग लोक बघतात.

वास्तुशांतीसारखं काहीतरी करावं म्हणून आम्ही मंडळातल्या लोकांना बोलावलं. जो येई तो म्हणे, “वा, कलर मस्त निवडलाय!” रंग आम्ही निवडलाच नव्हता. सोसायटीच्या समितीने मान्य केलेल्या यादीत जे होते त्यातला एक होता. जाहिरातीत फळीवर रेड वाइन सांडून पुसून दाखवतात. आपल्या घरात वाइनपेक्षा आमटी जास्त सांडते, तिच्याबद्दल जाहिरात गप्प असते. कौतुक ऐकून ऐकून बाबा शेवटी उठले. पैठणी नेसलेल्या बायका आणि झब्बे घातलेले पुरुष यांना त्यांनी पायऱ्यांवरून खाली नेलं, गवतात वाकायला लावलं आणि टॉर्च मारून लेजरचे बोल्ट दाखवले. दोन-तीन जणांनी खरंच लक्ष देऊन बघितलं. बाकीच्यांनी वाकल्या वाकल्या जेवणाची चौकशी केली. या सगळ्या बांधकामात फळी ही सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट आहे, असं बाबांचं ठाम मत होतं, आणि माझंही झालंय.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. फोनवर अजून ते नातवंडांच्या आधी बोल्ट पुन्हा आवळले का ते विचारतात.

उन्हाळ्यात शिकागोकडे आलात तर जरूर या. दुपारी याल तर सवयीने चपला दाराशी काढू नका. गडद रंगाची कंपोझिट फळी जुलैत अशी तापते की पाय टेकवत नाही. आणि रंगाबद्दल काही बोलण्याआधी कृपा करून एकदा खाली वाकून बघा.