नानांचं उत्खनन

पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस सॅन होजेला मुलाकडे राहायला गेला की त्याने नातवाला शाळेत सोडावं आणि 'इथे धूळ नाही हो' असं पुण्याला फोन करून कळवावं, अशी रीत आहे. नानांनी ती वर्षभर पाळली आणि मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. विषय मानवशास्त्र, जोडीला पुरातत्त्व. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला फी युनिटमागे 46 डॉलर. "डोनेशनचं कुणी नावसुद्धा काढलं नाही रे!" हे ते अजून प्रत्येकाला सांगतात.

वर्गात अठरा-एकोणीसची पोरं, रात्रपाळी उरकून आलेली एक नर्स, आणि पहिल्या बाकावर इस्त्रीच्या शर्टातले नाना. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. मला नावाने हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नानांना ते या जन्मी जमणार नाही. बाई आल्या की ते उठून उभे राहतात. हल्ली ती नर्सही उठते.

नातेसंबंधांचा तक्ता काढायचा होता: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरची खूण. पोरांचे तक्ते अर्ध्या पानात आटोपले. नानांनी कागदाला कागद चिकटवत चुलतचुलत्यापर्यंत मजल मारली. एका बरोबरच्या खुणेवर बाईंचं बोट थबकलं. "मामाची मुलगी," नाना म्हणाले. "आमच्याकडे चालते. इरावती कर्व्यांनी 1953 सालीच लिहून ठेवलंय."

खरी पंचाईत खोदकामात झाली. कॉलेजमागे सरावाचा खड्डा आहे. मीटर बाय मीटरचा चौकोन, दहा-दहा सेंटिमीटरचे थर, हातात थापी, निघालेली माती चाळणीत. डंपी लेव्हल नानांनी अशी झटक्यात लावली की बाई बघत राहिल्या. पण ज्याच्या सहीने कालवे खणले गेले, त्याने संध्याकाळी चाळलेल्या मातीकडे बघून सुस्कारा टाकला. "दिवसभरात पाव ब्राससुद्धा नाही! आमच्या ठेकेदाराने बिल लावायची लाज धरली असती." (ही लाज मी तरी कुठल्या ठेकेदाराच्या ठायी पाहिलेली नाही.)

मग कचरा आला. ॲरिझोना विद्यापीठातल्या विल्यम रॅथजे यांनी 1973 पासून टक्सन शहरातल्या घरांचा कचरा निवडून तपासला. लोक आपण किती बिअर पितो म्हणून सांगतात आणि कचऱ्यात किती डबे निघतात, यांचा मेळ बसेना. नाना भारावले. सत्रनिबंधाचा विषय ठरला: मुलाचं घर.

शनिवारी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरून, हातमोजे चढवून त्यांनी घरचा डबा उपसला. थराथराने, जाडेभरडे चिमटे वापरून, प्रत्येक वस्तूची नोंद करत. रात्री जेवताना निष्कर्ष वाचून दाखवले. 'बाहेरचं आम्ही फारसं मागवत नाही' या सूनबाईंच्या विधानासमोर पिझ्झाची चार खोकी. 'बिअर सोडली' या चिरंजीवांच्या विधानासमोर, जाऊ द्या.

"बाबा, शेजाऱ्यांनी बघितलं असतं म्हणजे?"

"शास्त्राला शेजारी नसतो."

नानी इतका वेळ भात कालवत होत्या. आता त्यांनी विचारलं, "अहो, वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा, असंच ना ते?"

"बरोब्बर!" नाना खुलले.

"मग काजूकतलीचा कागद दुधाच्या रिकाम्या डब्याखाली होता. दूध बुधवारी संपलं. म्हणजे मंगळवारी खाल्लीत. साखर तपासून आलात, त्याच दिवशी."

नाना क्षणभर गप्प झाले. मग चष्मा सारखा करून म्हणाले, "थर विस्कटलेले असू शकतात. बिळं करणारे प्राणी असतात. उंदीर वगैरे. पुस्तकात आहे."

"उंदीर कागदाची चौपदरी घडी घालून ठेवतो, हेही आहे का पुस्तकात?"

सत्रनिबंधाला नानांना ए श्रेणी मिळाली. त्यात पिझ्झा आहे, बिअर आहे, दुधाचे डबेसुद्धा आहेत. काजूकतली नाही.