पंच्याण्णवाचे शंभर

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी २३ मार्च २०२५ला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, परीक्षेला बसल्या. केंद्र सरकारच्या 'उल्लास – नव भारत साक्षरता' कार्यक्रमाची चाचणी. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात १७ गुण पडले की माणूस साक्षर. दहा ते पाचमध्ये केव्हाही या, अशी मुभा. मावशी पहाटे मंडईतून माल आणून, सकाळचं गिऱ्हाईक उरकून, हातगाडी नातवावर सोपवून दुपारी गेल्या.

त्यांना शोधून काढलं शाळेतल्या गुरुजींनी. २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी या शोधमोहिमेवर बहिष्कार घातला होता. असाक्षरांच्या मागे घरोघर फिरायचं तर वर्गातल्यांना शिकवायचं कधी, हा त्यांचा सवाल. ('निरक्षर' आता कागदोपत्री मागे पडलेत, त्यांना 'असाक्षर' म्हणायचं. अंगठा तोच, शाई नवी.) शेवटी याद्या झाल्या. शिकवायला मावशींची नववीतली नात. पाच वर्षांच्या या कार्यक्रमाचा खर्च १०३७.९० कोटी रुपये, पण प्रत्यक्ष शिकवणारा स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी.

संख्याज्ञानाची मावशींना भीती नव्हती. अडीच पाव घेवडा, तीन जुड्या मेथी, वर आलं-लिंबू. आपण खिशातून फोन काढेपर्यंत त्यांची बेरीज तोंडावर असते. तिथे ५० पैकी ४६. वाचनात १९. लेखनाला मात्र हात आखडला, ९ वर अडकल्या. एकूण ७४ गुण असूनही शेरा मिळाला, 'सुधारणा आवश्यक'.

त्याच सुमारास, ३० मे २०२५ला, गोवा पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. पेपर मी गाडीवरच वाचून दाखवला.

"शंभरातले शंभर?" मावशींनी विचारलं.

म्हटलं, तसं नाही. शिक्षण मंत्रालयानं २०२४ मध्ये ठरवलंय, ९५ टक्के लोक साक्षर झाले की राज्य पूर्ण साक्षर धरायचं.

"मग पाच कुठं गेले?"

"आहेत तिथंच. पण शंभर धरायचे."

"दादा, तुम्ही पंच्याण्णव देऊन शंभर दिले म्हणालात, तर पिशवी उतरवून घेईन मी."

गोव्याचा आकडा तरी कोणता घ्यायचा? केंद्राच्या २०२३-२४च्या नमुना पाहणीत ९३.६० टक्के, राज्यानं स्वतः मोजले तेव्हा ९९.७२. राज्याचं म्हणणं, पाहणीत सगळे आले नव्हते. असेल. पण पाहणीच्या आकड्यावर गोवा नापास, स्वतःच्या आकड्यावर पहिल्या वर्गात. पेपर स्वतःच तपासायची ही सोय मावशींना नव्हती.

जनगणनेची रीत तर आणखी स्वस्त. सात वर्षांपुढच्या ज्याला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, तो साक्षर. येतं की नाही, हे ठरवायला प्रश्नपत्रिका नाही की चिठ्ठीसुद्धा नाही. प्रगणक दारात उभा राहून विचारतो, कर्ता पुरुष आतल्या बाईकडे न बघता "येतं की" म्हणतो, आणि बाई साक्षर होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ८२.३४ टक्के साक्षर भरला, तो असा विचारून. त्या मानानं 'उल्लास'ची चाचणी प्रामाणिक म्हणायची, निदान हातात पेन तरी देते. गंमत एवढीच की भाजीवालीला तीनही विषयांत स्वतंत्र पास व्हावं लागतं आणि राज्याला पाच टक्के माफ.

मावशी पुन्हा बसणार आहेत. अडचण वेगळीच आहे: नातीची पुढच्या वर्षी दहावी, तिला क्लास लागलाय. कुणाला वेळ असेल तर संध्याकाळी सातनंतर गाडीवर यावं. लेखन तेवढं घ्यायचंय, हिशेब त्याच तुम्हाला शिकवतील. मानधन नाही. कोथिंबीर मिळेल.