दिव्याखाली उजेड

नळाला पाणी कमी आलं तर मुंबईकर कुरकुरतो, लोकल उशिरा आली तर खांदे उडवतो. दिव्याचा रंग बदलला मात्र तो खपवून घेत नाही. २०१५ साली ‘राणीचा हार’ म्हणवणाऱ्या मरीन ड्राइव्हवरचे सोडियम व्हेपरचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवले गेले, तेव्हा केवढा गहजब झाला! वीज वाचणार यावर कुणाचा फारसा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो राणीच्या हारातलं सोनं जाऊन चांदी आल्याचा. राज्यात एकत्र सत्तेत असलेले शिवसेना आणि भाजप या चांदीवरून एकमेकांवर तुटून पडले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचलं आणि शेवटी एलईडीच, पण पिवळसर छटेचे बसले. राणीचं राज्य जाऊन जमाना लोटला. हाराची काळजी प्रजेला अजून आहे.

आणि का नसावी? मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून तो साडेतीनेक किलोमीटरचा बाक घेतलेला झगमगाट एकदा पाहावा. अशा वेळी युनिटचा हिशेब काढणारा माणूस लग्नाच्या पंगतीत कॅलरी मोजणाऱ्याइतकाच नकोसा वाटतो.

यंत्र काटकसरी झालं की कोळसा कमी नव्हे, जास्तच जळतो, असं जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं. मुंबईने हा सिद्धान्त न वाचताच अमलात आणला. एलईडीला वीज कमी लागते ना? मग लावा आणखी! डिसेंबर २०२२ मध्ये जी-२०चे पाहुणे यायचे होते, शिवाय सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रमही निघाला होता. पूल उजळले, भिंती उजळल्या, आणि काही रस्त्यांवर चक्क दिव्यांच्या खांबांनाच दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. खांब अंधारात राहू नये, ही केवढी दूरदृष्टी!

मग पाळी आली झाडांची. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत आवळलेली वायर, मधूनमधून बंद पडलेले दिवे आणि वर हिरव्या प्रकाशात न्हालेला, रात्री अकरालाही पहाट झाल्यासारखा ओरडणारा कावळा. झाड मुळात हिरवं असतं, हे कंत्राटदाराला कुणी सांगितलं नसावं. २०२४ मध्ये झाडांवरच्या या रोषणाईविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली. न्यायालयाच्या कामकाजात मुंबईच्या दिव्यांचा वाटा असा वाढता आहे.

याच राज्यात अनेक शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस ‘रात्रीची लाईट’ मिळते. जुन्नरकडचा शेतकरी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी देत आला आहे. त्याच्या बांधावरचं झाड कुणी अजून सुशोभित केलेलं नाही.

अर्थात अंधाराचं मोल शहराला अगदीच कळत नाही असं नाही. मे संपता संपता काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गाड्यांच्या रांगा लागतात. शनिवार-रविवारी घाटात ट्रॅफिक जाम होतो, हेडलाइट डोळ्यांत घुसतात, आणि हिरडा-बेहड्याच्या झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकत असताना मोबाइलचे फ्लॅश त्यांच्यावर चमकतात. वनखात्याची माणसं दिवे बंद करा म्हणून विनवत फिरतात, तेव्हा हमखास एखादी काच खाली होते आणि आतून रास्त शंका येते: ‘‘अहो, बंद केले तर काजवे दिसणार कसे?’’