‘उपलब्ध’ नावाची अफवा

जुन्या ग्रंथालयांचा नकार फार स्वच्छ असे. ‘इश्यू आहे’, ‘बाइंडिंगला गेलंय’, ‘संदर्भ विभागातलं आहे, घरी मिळणार नाही’ आणि ज्यापुढे अपील नाही असं ‘रॅकवर नाही म्हणजे नाही’. यांतलं बाइंडिंगला गेलेलं पुस्तक वाचकाला पदवी मिळेपर्यंत परतत नसे हे खरं, पण पुढे काय करायचं ते तरी कळायचं: दुसरं पुस्तक मागायचं किंवा चहाला जायचं. विद्यापीठाच्या ऑनलाइन कॅटलॉगवर, म्हणजे ग्रंथालयातली मंडळी ज्याला ‘ओपॅक’ म्हणतात त्याच्यावर, माझा आक्षेप एवढाच की ई-पुस्तकाच्या बाबतीत त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘सहकारी चळवळ’ असे दोन शब्द टाका; निकालांची रास पडते आणि ओळीओळीपुढे हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’. त्या हिरवाईवर भरवसा ठेवून क्लिक केलं की एक पान लॉग-इन मागतं. ते दिलं की दुसरं पान संस्थेचं नाव यादीतून निवडायला सांगतं. मग आपलं विद्यापीठ त्या यादीत ‘यू’खाली आहे, गावाच्या नावाखाली आहे, की नामविस्तारानंतरच्या संपूर्ण नावाखाली, हे शोधता शोधता सत्र संपतं. संगणकाचं सत्र, कधीकधी परीक्षेचंही.

याचं मूळ नोंदींच्या जन्मकथेत आहे. छापील पुस्तकाची नोंद करणाऱ्याने ते हातात घेतलेलं असे, दाखल नोंदवहीत क्रमांक टाकलेला असे, ठरलेल्या पानावर शिक्का मारलेला असे. ई-पुस्तकाचं असं बारसं कोणी करत नाही. विक्रेता हजारो नोंदींची एक फाइल पाठवतो आणि ती एका दुपारी कॅटलॉगात चढवली जाते. या नोंदी ‘मार्क’ नावाच्या साच्यात असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या प्रोग्रॅमर बाईंनी १९६०च्या दशकात तो घडवला आणि तो इतका दणकट निघाला की ग्रंथालयं अजून त्यातच पुस्तकं बसवतात. लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये आणि ई-पुस्तकाची लिंक ८५६ मध्ये. आता हे गठ्ठे बहुधा वर्षाच्या वर्गणीवर घेतलेले असतात. अनुदान आटलं, वर्गणी थांबली, की पुस्तकं निघून जातात. नोंदी मात्र कोणाला आठवण होईपर्यंत मुक्काम ठोकून असतात. वधूवर सूचक मंडळाच्या वहीत मुलाची उंची, पगार, पत्रिका सगळं असावं आणि त्याचं लग्न मागच्याच वर्षी झालं एवढं मात्र नसावं, तसा हा प्रकार. याच्याही पुढची एक पद्धत परदेशी विद्यापीठांनी काढली. जी पुस्तकं विकत घेतलेलीच नाहीत त्यांच्या नोंदी कॅटलॉगात घालून ठेवायच्या. एखाद्या वाचकाने पुस्तक उघडून काही मिनिटं वाचलं की खरेदी आपोआप होते. म्हणजे वाचक ज्या क्षणी शोधत होता त्या क्षणी ते पुस्तक ग्रंथालयात नव्हतं आणि तो वाचू लागला म्हणून ते झालं! यावर आपल्याकडच्या वेदान्त्यांनी कुठलीच टीका लिहिली नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

बरं, पुस्तक खरोखर घेतलेलं असलं तरी ‘उपलब्ध’चा अर्थ सरळ होत नाही. पुष्कळ परवाने एका वेळी एकाच वाचकाचे असतात. ज्या वस्तूला वजन नाही, जिची प्रत काढायला सेकंद पुरतो, ती दुसऱ्या कोणी ‘नेलेली’ असते आणि आपण रांगेत उभे राहतो. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांना २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने सांगितलं की आमचं ई-पुस्तक २६ वेळा इश्यू झालं की संपलं, पुन्हा विकत घ्या. हिशेब असा की छापील पुस्तक साधारण तेवढ्यात झिजतं. न झिजणाऱ्या पुस्तकाला नियमाने झिजवायची ही कल्पना एखाद्या सरकारी खात्याला आधी सुचायला हवी होती. आणि या सगळ्यात जाणाऱ्या वाचकाच्या वेळाचं म्हणाल, तर शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये गणिताचं अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ते सूत्र आजही पेपरात विचारतात.

मराठी पुस्तक शोधणाऱ्याचे भोग मात्र वेगळ्या जातीचे. भारताला दिलेल्या गव्हाचे पैसे अमेरिकेने रुपयांत घेतले आणि १९६२पासून त्यांतल्या काही रुपयांची भारतीय पुस्तकं घेऊन आपल्या विद्यापीठांना वाटली. त्यामुळे तिकडे मराठीचे चांगले साठे आहेत. पण ते ज्या रोमन लिप्यंतरात नोंदले आहेत त्याचा नियम असा की व्यंजनातला ‘अ’ आपण उच्चारत नसलो तरी लिहायचा. तुकाराम तिथे ‘तुकारामा’ होतात आणि ‘गडकरी’ लिहिताना आपण ज्या ‘डी’नंतर थेट ‘के’ टाकतो, तिथे मध्ये एक ‘ए’ पाहिजे. तो न टाकणाऱ्यापुढे राम गणेश प्रकट होत नाहीत. मग माणूस म्हणतो, देवनागरीत शोधू. तर ‘ॲरिस्टॉटल’मधलं पहिलं अक्षर संगणकात दोन प्रकारे उमटतं: एक, ‘अ’वर चंद्र ठेवून; दुसरं, २००८ साली युनिकोडात आलेलं अखंड ‘ॲ’. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसत नाही, कॅटलॉगच्या लेखी मात्र ते दोन वेगळे तत्त्वज्ञ. ‘किनाऱ्या’तल्या अर्ध्या ‘र’चीही अशीच दोन रूपं आहेत आणि नोंद करणाऱ्याने कोणतं वापरलं ते त्याचा कीबोर्ड जाणे. इथे तरी कॅटलॉग ‘नाही’ म्हणतो, असं कोणी दाखवून देईल. म्हणतो खरा, पण नेमका तेव्हा, जेव्हा पुस्तक असतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो कृतघ्नपणाचा. गडचिरोलीतला विद्यार्थी रात्री दोन वाजता लंडनमध्ये छापलेलं पुस्तक वाचू शकतो, हे विसरलात का? विसरलो नाही. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने ‘एन-लिस्ट’मधून गावोगावच्या महाविद्यालयांपर्यंत लाखांच्या हिशेबात ई-पुस्तकं पोचवली, हे काम मोठंच आहे आणि त्याची चेष्टा करणाऱ्याने आधी पावसाळ्यात एसटीने विद्यापीठाचं ग्रंथालय गाठून दाखवावं. पण पुस्तक मिळणं चांगलं, म्हणून न मिळणारं पुस्तक मिळेल असं सांगणंही चांगलं, हे काही ओघाने येत नाही. उलट रात्री दोन वाजता ‘नाही’ हा शब्द जास्त मोलाचा. त्यावर माणूस झोपू तरी शकतो. दुसरा आक्षेप ग्रंथपालांचा: मुलांना शोधताच येत नाही, पेपरातला अख्खा प्रश्न टाकतात, वर ‘सविस्तर चर्चा करा’ हेही टाकतात. तक्रार रास्त आहे. नेमका वाक्प्रयोग अवतरणचिन्हांत घालावा, ‘फक्त पूर्ण मजकूर’ अशी चौकट असेल तर तिच्यात खूण करावी, हे शिकवायलाच हवं. पण ती चौकट अनेक ठिकाणी मुळात कोरीच असते आणि निकालांचा आकडा घसघशीत दिसतो. आकडा मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीला दाखवता येतो, रिकामी रास दाखवता येत नाही. तिसरा उपाय सुचवणारे म्हणतात, केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे की! आहे, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. नियतकालिकं, पुस्तकं नव्हेत. चौथा सल्ला दबक्या आवाजात येतो आणि त्यात टेलिग्रामच्या एका गटाचं नाव असतं. त्या चोरीचं समर्थन मी करणार नाही, पण ती चालते का ते पाहण्यासारखं आहे. तिथला माणूस एक तर पीडीएफ देतो, नाही तर ‘नाही आहे भाऊ’ असं सहा अक्षरांत कळवतो.

ग्रंथालयांकडून मला याहून जास्त काही नको. ‘आहे, लगेच उघडेल’. ‘आहे, पण दुसरा वाचतोय’. ‘आपल्याकडे नाही, हवं असल्यास मागवू’. यांतली मागवण्याची सोय काही कॅटलॉगांत आहेही, एका फॉर्मच्या रूपात. त्यात वाचकाचं नाव, विभाग, पुस्तकाचं नाव, लेखक आणि लाल चांदणीसह आयएसबीएन विचारतात. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये रूढ झाला. गडकरी १९१९ साली गेले. त्यांच्या हयातीतल्या आवृत्तीसाठी तो रकाना मोकळा सोडून ‘सबमिट’ दाबलं, की फॉर्म क्षणाचाही विलंब न लावता, कुठलंही लॉग-इन न मागता, अर्ज नाकारतो.