नाझियाची जवारी

“ती आणि मी एकाच वर्षाच्या, माहितीय का तुला?” काकू भिंतीवर कोपर टेकवून म्हणाल्या. ती म्हणजे गायिका नाझिया हसन. जन्म एप्रिल १९६५, गाव कराची, वाढली लंडनला. काकूही पासष्ट सालच्याच, पण जन्मापासून मिरजेतल्या. थोडक्यात हुकलं, नाहीतर ‘कुर्बानी’वाला फिरोज खान आपल्यालाच भेटायचा, असा एकूण सूर.

विषय निघाला नातीवरून. ती अंगणात मोबाइल उभा करून ‘डिस्को दीवाने’वर नाचत होती आणि काकू इकडे कपडे वाळत घालता घालता ठेका धरत होत्या.

“काकू, तुम्हाला हे आवडायचं? तुम्ही तर गाण्याच्या परीक्षा दिल्यात ना?”

“म्हणून तर लपूनछपून ऐकावं लागलं की! अगं, हे मिरज. इथे वाणीसुद्धा साखर तोलताना भैरवी कशी झाली ते सांगतो. उरुसात दर्ग्यामध्ये रात्र रात्र गाणी ऐकलेली माणसं ती. खाँसाहेबांच्या गावात डिस्को कोण लावून देणार?”

खाँसाहेब म्हटलं की मिरजेत एकच, अब्दुल करीम खाँ. ते १९३७ सालीच गेले, पण काकू असं बोलतात की आत्ता दिंडी वेशीतून चालत येतील.

“पहिलं ते ‘कुर्बानी’चं आलं, १९८० ला. ‘आप जैसा कोई’. पडद्यावर झीनत अमान, त्यामुळे आमच्या दादाला आवाज कुणाचा याची चौकशीच नव्हती. मग कळलं, पंधरा वर्षांची पोरगी आहे. आमची आई म्हणाली, पंधराव्या वर्षी असलं गाणं? दहावीचं वर्ष ना तिचं?”

“आणि फिल्मफेअर पण मिळालं की तिला. १९८१ ला.”

“त्यावरही बोलले लोक! समोरचे तात्या म्हणाले, लताबाईंनी १९७० ला आणि आशाबाईंनी १९७९ ला सांगूनच टाकलंय, आमचं नाव धरू नका म्हणून. मैदान मोकळं होतं, मिळालं पोरीला. आता यात पोरीचा काय दोष? खुर्ची रिकामी असली तरी बसणाऱ्याला बसता यावं लागतं.”

पण सिनेमातलं एक गाणं लोकांनी चालवून घेतलं. खरी पंचाईत झाली ती १९८१ ला ‘डिस्को दीवाने’ची तबकडी आली तेव्हा. अख्खी रेकॉर्ड, आणि मागे सिनेमाच नाही. ना नायक, ना गोष्ट. संगीतकार बिड्डू, मूळचा बंगलोरचा, लंडनला जाऊन ‘कुंग फू फायटिंग’ गाजवलेला. सोबत धाकटा भाऊ झोहेब, चाली बांधणारा, गाणारा. (त्याचं नाव आजही कुणी घेत नाही. भावांच्या नशिबी हे क्वचितच येतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.)

मला गंमत वाटते ती याची, की बिनसिनेमाच्या गाण्याचं नवल मराठी घरांना वाटायलाच नको होतं. गजानन वाटवे, अरुण दाते घरोघरी होते, भावगीत आम्ही रेडिओवर रोज ऐकत होतो. पण बिनसिनेमाचं गाणं म्हणजे चांदणं, हुरहुर, झालंच तर विठ्ठल, अशी आमची समजूत. त्यात ही मुलगी नुसतीच आनंदात! कशाबद्दल आनंद, तेही सांगत नाही.

“पेपरात काय आलं होतं तिच्याबद्दल?” मी विचारलं.

“पेपरात कोण लिहिणार? गाण्यावर लिहिणारे बैठकीला जाणारे. सिनेमावर लिहिणाऱ्यांना सिनेमा लागतो. अमीन सयानींच्या गीतमालेतही सिनेमाचीच गाणी. मग हिची समीक्षा झाली ती आमच्या गल्लीत.”

आणि ती समीक्षा काय वर्णावी! काकूंच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, नाकात गाते. वडील म्हणाले, शब्दांत काही अर्थ आहे का? कॉलेजात शिकणारा, फार वाचणारा एक शेजारी म्हणाला, तिकडे अमेरिकेत डिस्को संपलासुद्धा. हे मात्र त्याचं अगदी चूक नव्हतं. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवून दिला होता. पण शिकागोत उडालं म्हणून मिरजेत बंद व्हायला हवं, असा नियम कुठे आहे? आपल्याकडे ‘डिस्को डान्सर’ यायला अजून वर्षभर अवकाश होता.

“सगळ्यात नेमकं बोलले ते सतारमेकर गल्लीतले चाचा,” काकू म्हणाल्या. “दादाचा एक मित्र दुबईहून टू-इन-वन घेऊन आला होता. त्यावर कॅसेट लावली. चाचा तंबोऱ्याची घोडी घासत होते. ऐकलं आणि म्हणाले, तार सुरात आहे, जवारी काढलेली नाही.”

मी गप्पच झाले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा असा घासायचा की तार तिला जेमतेम चाटत राहते आणि सुराभोवती गुंजन उभं राहतं. ती जवारी. नाझियाच्या कोवळ्या, सपाट आवाजात ते गुंजन नव्हतंच. बिड्डूने मग काय केलं, तर तिच्याकडून तेच पुन्हा गाऊन घेतलं आणि एका आवाजावर तोच आवाज चढवला. दोन थर कधीच अगदी तंतोतंत बसत नाहीत, त्या किंचित फटीतून चमक येते. चाचांनी घोडी घासून जे केलं असतं, ते त्याने टेपवर केलं. आता हे जोखायला बाईंची परीक्षा कामाची नाही. ती मुलगी परीक्षेला बसलीच नव्हती, आणि आम्ही मात्र पेपर तपासून मोकळे.

“पण काकू, खरं सांगू? सगळी तबकडी काही तेवढी भारी नाही. ‘डिस्को दीवाने’ फर्मास. ‘आओ ना’ही. संथ गाणी लागली की मात्र आवाज विरळ वाटतो. ठेका होता तोवर झाकलं होतं.”

“वाटू दे की. सोळा वर्षांची पोर, विरळच असणार. तू सोळाव्या वर्षी काय गात होतीस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भोंडल्याच्या पुढे गेलेली नाही.

“आणि २००० साली ती गेली ना गं,” काकूंचा आवाज जरा उतरला. “पस्तिशीत. फुप्फुसाचा कॅन्सर. तेव्हा हेच सगळे! तात्या म्हणाले, काय गोड आवाज होता. आमच्या बाईसुद्धा म्हणाल्या, सुरेल होती हो. मी म्हटलं, बाई, नाकातलं कुठे गेलं? मला नाही आवडलं ते. नावं ठेवली होती तर ठेवली होती म्हणावं. निदान ऐकून तरी ठेवली होती.”

तेवढ्यात नातीने गाणं बदललं. तेच शब्द, पण ठोका जड. २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधलं.

“हे नको गं, जुनं लाव,” काकू तिच्यावर ओरडल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यात तिचा आवाज मसाल्याला लावलाय, भाजी दुसऱ्याचीच आहे. बरं ते जाऊ दे, तात्यांच्या सूनबाईंनी कराओकेचा क्लास काढलाय, कळलं का तुला?”